नटाला पात्राचं पटलंच पाहिजे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या हौशी नाट्यसंस्थेचं उन्हाळी शिबिर सुरू झालं की पहिल्या आठवड्यात भूमिका वाटून होतात आणि दुसऱ्या आठवड्यात फोन सुरू होतात. पालकांचे, नटांचे, एकदा तर एका नटीच्या होणाऱ्या सासऱ्यांचा. प्रश्न फिरून फिरून एकच: जे मनाला पटत नाही ते आमच्या माणसाने स्टेजवर उभं राहून का बोलावं? दरवेळी नव्याने घसा कोरडा करण्यापेक्षा एकदाचं लिहून काढलं. काही प्रश्न शिबिरातले आहेत, काही बातम्या वाचून लोकांनी विचारलेले.

सरळ सांगा. नटाला पात्राचे विचार पटायला हवेत की नको?

नको. पण एवढ्यावर थांबलो तर उत्तर अर्धंच राहील, कारण पटावं लागतं ते दुसरंच काहीतरी.

आधी शब्द बघा. पात्र म्हणजे नाटकातलं माणूस आणि पात्र म्हणजे भांडंही. हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना यावर नेमकं बोट ठेवलंय. रस नटात नसतो, नट हे तो चाखायचं साधन. म्हणून तर त्याला पात्र म्हणायचं. प्याल्याला कुठे मद्याची चव लागते? डॉ. श्रीराम लागूंनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिलं 'लमाण'. इथला माल तिथे पोचवणारा. माल लेखकाचा, गिऱ्हाईक प्रेक्षक, मधली पायपीट नटाची.

पण लमाणही बैलावर काय लादतोय ते बघून घेतो. म्हणून आमच्याकडे पात्राशी पटण्याची अट नाही. नाटकाशी मात्र पटावं लागतं. पात्र काय बोलतं ते एक. त्या बोलण्याला नाटकाने कुठे उभं केलंय, त्याचं पुढे काय होतं आणि प्रेक्षक काय घेऊन घरी जाणार, ते वेगळं. हे कळायला संहिता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी लागते. स्वतःची वाक्यं तेवढी पिवळ्या पेनाने रंगवून बाकीची पानं कोरी ठेवणारे नट मी डझनांनी पाहिलेत. त्यांना हा प्रश्न पडतो तो थेट रंगीत तालमीला, म्हणजे उपयोग संपल्यावर.

न पटणारं बोलायचं आणि तेही खरं वाटेल असं. हे ढोंग नाही का?

ढोंग कशाला म्हणायचं ते एका तालमीवरून सांगतो.

आमच्या एका एकांकिकेत 1930 च्या सुमाराचं गाव होतं. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या बाईला एक सवर्ण गृहस्थ अडवतो. ही भूमिका ज्या मुलाकडे आली त्याच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आजोबा चळवळीतले. मुलाने भूमिका मागून घेतली होती. अडचण वाक्याची होती: "हंडा ठेव खाली. वरनं घालतो." चार तालमी तो हे वाक्य दात-ओठ खाऊन फेकत होता. भुवया वर, छाती पुढे, आवाज पोटातून. बघणाऱ्याला कळत होतं की हा मुलगा त्या गृहस्थाचा तिरस्कार करतो. गृहस्थ मात्र कुठे दिसत नव्हता.

पाचव्या दिवशी मी त्याच्या हातात पितळेचा तांब्या आणि चिंचेचा गोळा दिला. म्हटलं, तांब्या घासत बस, ती आली तरी मान वर करू नकोस, आणि भाजीत मीठ कमी झालंय हे ज्या आवाजात सांगशील त्या आवाजात वाक्य बोल. त्याने तसं केलं. तांब्याची कड अंगठ्याने पुसली, वाक्य बोलला, परत घासायला लागला. समोरची मुलगी आपलं वाक्य विसरली. प्रॉम्प्टरही पान उलटायचं विसरला. थोड्या वेळाने तो मुलगा म्हणाला, "सर, हे जास्त घाण आहे." तेच तर हवं होतं. अन्याय करणाऱ्याला आपण अन्याय करतोय असं वाटत नसतं, त्याला आपण रीत पाळतोय असं वाटतं. हे त्या मुलाला पटलं नव्हतं, कळलं होतं.

रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीचं प्रसिद्ध 'जर' याच कामाचं. 'मी हा माणूस आहे' असं स्वतःला पटवत बसू नकोस, 'मी याच्या जागी असतो तर' एवढंच विचार. माणूस जन्मला कुठे, त्याला शिकवलं काय, त्याला भीती कशाची, हे सगळं त्या 'जर'मध्ये येतं. मतं बदलावी लागत नाहीत. मला ढोंग वाटतं ते पहिल्या चार तालमींत होतं ते: पात्राच्या खांद्यावरून प्रेक्षकांना डोळा मारून 'मी असा नाही हं' असं सुचवणं. टाळी मिळते, नाही असं नाही. पण नाटक तिथेच बसतं.

नास्तिक माणूस संताची भूमिका करू शकतो? भाव कुठून आणणार?

लागूंचंच उदाहरण घ्या. व्यवसायाने कान-नाक-घशाचे सर्जन, 1969 साली तो व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाले. देवाला आता निवृत्त करा असं जाहीरपणे लिहिणारा, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठांवर उभा राहणारा कडक विवेकवादी माणूस. आणि 1977 च्या 'देवकीनंदन गोपाला' चित्रपटात गाडगेबाबा कोण? डॉ. लागू. डोक्यावर गाडगं, हातात खराटा, तोंडी 'गोपाला गोपाला'.

कोणी म्हणेल, गाडगेबाबा वेगळे, ते स्वतःच कीर्तनात नवससायास, बळी, कर्ज काढून केलेली लग्नं यांच्यावर कोरडे ओढायचे. लागूंना ते पटणारच. बरोबर आहे. पण बाबा गजर नामाचा करायचे, आणि समोर बसलेला गाव त्या गजरात डोलायचा. ते डोलणं पडद्यावर आणायला नटाचा देवावर विश्वास लागला नाही. समोरच्या माणसांवरचा बाबांचा जीव ओळखता आला, तेवढ्याने भागलं.

दुसऱ्या टोकाला विष्णुपंत पागनीस. प्रभातचा 'संत तुकाराम' 1936 चा. पागनीस नाटक कंपनीत स्त्रीभूमिका करत आलेले. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी त्यांना तुकोबा केलं आणि मग लोकांना तुकोबांचा दुसरा चेहरा आठवेना. पागनीस स्वतः भजनात रमणारे. त्यांच्या अभंग म्हणण्यात जी सहजता आहे ती नुसत्या तालमीने येत नाही, हे मी बिनतक्रार कबूल करतो. म्हणजे श्रद्धा असेल तर ती कामाला येते. पण नाटक श्रद्धेच्या दाखल्यावर उभं नसतं. त्याच चित्रपटात जिजाईच्या भूमिकेतल्या गौरीबाई विठोबाला जोडा घेऊन मारायला निघतात, आणि त्या प्रवेशात त्याही तितक्याच खऱ्या आहेत. विठोबाच्या देवळात जोडा नेणं त्यांना पटत होतं का, असं कोणी विचारत नाही.

पण खलनायक इतका हुबेहूब करणारा माणूस आतून थोडा तरी तसा असणारच ना?

हा प्रश्न ज्याने विचारला त्याला मी निळू फुले एवढं दोन शब्दांचं उत्तर दिलं. त्याला तेवढं पुरलं नाही, म्हणून सविस्तर.

राष्ट्र सेवा दलात वाढलेला माणूस. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला. सेवा दलाच्या कलापथकातून लोकनाट्यात आला, 'कथा अकलेच्या कांद्याची'ने नाव झालं. पडद्यावर मात्र इरसाल पाटील, बेरकी सरपंच, साखरसम्राट. गावोगावच्या बायका त्यांना बघून पदर सावरायच्या, शिव्या घालायच्या. त्या शिव्या म्हणजे आपल्या कामाची पावती, असं ते मानत.

'सामना' आठवा, 1974. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा. निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील आणि लागूंचा मास्तर समोरासमोर. पडद्यावर एक सत्ता, दुसरा सत्तेला प्रश्न विचारणारा. पडद्याबाहेर हेच दोघे सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत फिरले, म्हणजे चळवळीतल्या कार्यकर्त्यांना महिन्याचं मानधन मिळावं म्हणून. हिंदुराव इतका बारकाईने उतरला तो निळूभाऊ आतून तसे होते म्हणून नव्हे. असल्या माणसांच्या समोर ते आयुष्यभर उभे राहिले होते. ज्याच्याशी भांडायचंय त्याची चाल, त्याचं पान लावणं, त्याचं गप्प बसणं माणूस नीट बघून ठेवतो. त्याच माणसाने 1972 मध्ये तेंडुलकरांच्या नाटकातला 'सखाराम बाइंडर'ही केला. तिथे तर लेखकाने खलनायक नावाचा सोयीचा कप्पाच ठेवलेला नाही.

अमोल कोल्हेंनी नथुराम केला तेव्हा एवढा गदारोळ का झाला? नट म्हणून त्यांना अधिकार नव्हता का?

अधिकार होता. गदारोळाचं कारण अधिकाराच्या पलीकडचं आहे.

घटनाक्रम असा. 'व्हाय आय किल्ड गांधी' या चित्रपटाचं चित्रीकरण 2017 मधलं. डॉ. कोल्हे 2019 ला राष्ट्रवादीत आले, शिरूरचे खासदार झाले. चित्रपट प्रदर्शित व्हायची वेळ आली जानेवारी 2022 मध्ये, तीही 30 जानेवारीच्या मुहूर्तावर. त्यांच्याच पक्षातल्या जितेंद्र आव्हाडांनी उघड विरोध केला, शरद पवारांनी कलावंत म्हणून त्यांची बाजू घेतली. भूमिका केली म्हणजे विचार स्वीकारला असं नाही, असं कोल्हे सांगत राहिले आणि पुढे आळंदीला इंद्रायणीकाठी जाऊन त्यांनी आत्मक्लेशही केला.

आता माझं मत. 'नथुराम करणारा नथुराम होत नाही' हा बचाव शंभर टक्के खरा आहे आणि विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. नथुराम अनेकांनी केलाय. अ‍ॅटनबरोंच्या 1982 च्या 'गांधी'त हर्ष नय्यर यांनी केला, कोणी त्यांच्या घरावर मोर्चा नेला नाही. 2023 च्या 'गांधी गोडसे एक युद्ध'मध्ये चिन्मय मांडलेकरांनी केला. सगळ्यात बोलकं उदाहरण शरद पोंक्षे यांचं. 'मी नथुराम गोडसे बोलतोय' या नाटकातला नथुराम त्यांचा. प्रदीप दळवींचं ते नाटक 1998 मध्ये आलं, त्याच वर्षी सरकारने बंद पाडलं, पुढे मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली. आणि कमल हासनच्या 2000 सालच्या 'हे राम'मधला नथुरामही पोंक्षेच. नट तोच, पात्र तेच, पिस्तूलही तसंच. पण एका ठिकाणी नथुराम आपली बाजू मांडायला उभा आहे, दुसऱ्या ठिकाणी गांधींना मारायला निघालेला दुसराच माणूस हळूहळू गांधींकडे वळतो. प्रेक्षक दोन वेगळ्या गोष्टी घेऊन बाहेर पडतो. म्हणजे माल पात्रात नसतो, गाठोड्यात असतो.

म्हणून कोल्हेंना, किंवा कोणालाही, विचारायचा प्रश्न 'तुला नथुराम पटतो का' हा नव्हेच. 'हा चित्रपट शेवटी काय म्हणतो, आणि ते तू वाचलं होतंस का' हा प्रश्न. त्याचं उत्तर काहीही असू शकतं, पैसे हवे होते हेही असू शकतं. नट पोटासाठी काम करतो, यात लपवण्यासारखं काही नाही. पण उत्तर त्या प्रश्नाचं द्यावं.

पात्राचा विचार पटत असेल तर भूमिका जास्त चांगली होते का?

कधी कधी बिघडते. पोंक्षे सावरकरविचारांवर व्याख्यानं देतात, म्हणजे लपवाछपवी काही नाही. तिथे नट आणि पात्र एका दिशेला तोंड करून उभे असतात आणि त्यात जोर येतो, हे प्रयोगांच्या गर्दीने सिद्ध केलंय. मला व्यक्तिशः अशा प्रयोगात भाषण ऐकल्यासारखं वाटतं. हे एकाच बाजूला लागू आहे असं समजू नका. पुरोगामी एकांकिकांमध्ये नायकाची भूमिका करणारे आमचे कार्यकर्ते-नट तर याहून वाईट. आपण बरोबर आहोत हे त्यांना आधीच माहीत असतं, त्यामुळे पात्राला अडखळायला जागाच उरत नाही. राज्य नाट्य स्पर्धेत असल्या नायकांची मी मोजदाद सोडून दिली आहे.

ज्याने स्वतः छळ सोसलाय त्याने छळणाऱ्याची भूमिका करावी?

त्याची इच्छा असेल तर. 'कॅसाब्लांका' हा 1942 चा हॉलीवूडपट पाहिला असेल तर त्यातला नाझी मेजर स्ट्रासर आठवेल. ती भूमिका करणारा कॉनराड फाइट जर्मन होता, बायको ज्यू, हिटलर आल्यावर 1933 मध्ये देश सोडून गेलेला. त्या काळात हॉलीवूडला पोचलेल्या कित्येक निर्वासित नटांना नाझींच्याच भूमिका मिळाल्या, कारण त्यांचे उच्चार तसे होते. नियतीचा विनोद म्हणा. फाइटने तो विनोद म्हणून केला नाही. स्ट्रासर थंड आहे, सभ्य आहे, म्हणून भीतीदायक आहे.

याहून माझ्या आवडीचा वेर्नर क्लेम्पेरर. संगीतकार ओटो क्लेम्पेररचा मुलगा, हाही जर्मनीतून पळालेल्या ज्यू घरातला. 'होगन्स हीरोज' या अमेरिकी विनोदी मालिकेत त्याने जर्मन छावणीचा बावळट कमांडंट क्लिंक केला, पण अट घालून: क्लिंक कधीही जिंकता कामा नये. बघा, त्याने पात्राबद्दल हट्ट धरला नाही, गोष्टीबद्दल धरला. आमच्या नटांनी अटी घालायच्याच असतील तर अशा घालाव्यात. त्याऐवजी अट येते ती नाव जाहिरातीत किती मोठं छापणार याची.

जर्मन नाटककार ब्रेख्त तर म्हणतो की नटाने पात्रापासून अंतर ठेवावं. मग वर डोळा मारण्याला नावं का ठेवली?

चांगला प्रश्न, नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याकडून आलेला. ब्रेख्तचं अंतर प्रेक्षकाने विचार करावा म्हणून असतं, नटाची अब्रू वाचावी म्हणून नसतं. आपल्याकडे तर हे अंतर आधीपासून आहे. तमाशातला सोंगाड्या पात्रातून बाहेर येऊन राजाची टर उडवतो आणि परत प्रधान होतो. पुलंनी ब्रेख्तच्या नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' केला तेव्हा ब्रेख्तला तमाशाच्या फडात पाट मांडून बसवायला फार कष्ट पडले नसावेत. फरक ओळखायची माझी खूण सोपी आहे. अंतर घेतल्यावर प्रेक्षक पात्राकडे जास्त निरखून बघायला लागला तर ते ब्रेख्तचं. नटाकडे बघून 'किती गुणी मुलगा' म्हणाला तर ते डोळा मारणं.

भूमिका नाकारली तर मी कच्चा नट ठरेन का?

मुळीच नाही. आमच्याकडे दरवर्षी एक-दोघं नाकारतात. कारण विचारतो, पण चर्चा करायला नव्हे, दुसरी भूमिका शोधायला. फक्त वाचनाच्या वेळी नाकारा. पोस्टर छापून झाल्यावर, हॉलचं भाडं भरल्यावर सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली तर मी चिडतो, हे आधीच सांगून ठेवतो.

एक वेगळी गोष्ट: काही भूमिका विचारांपायी नव्हे, जखमेपायी झेपत नाहीत. घरात मारहाण पाहिलेल्या मुलीला दारुड्याच्या बायकोची भूमिका दिली आणि तिसऱ्या तालमीला ती थरथरायला लागली, असं एकदा झालंय. चूक माझी होती, आधी विचारायला हवं होतं. भूमिका बदलली. तिथे 'नटाने काहीही करता आलं पाहिजे' वगैरे बाणा दाखवायचा नसतो.

देवाची किंवा महाराजांची भूमिका करणाऱ्याने खऱ्या आयुष्यातही तसंच वागायला हवं ना?

हा वरच्याच प्रश्नाचा उलटा अंगरखा. खलनायकाच्या नटाला आपण 'तू तसा आहेस' म्हणतो, नायकाच्या नटाला 'तू तसा का नाहीस' म्हणतो. चिन्मय मांडलेकरांनी अनेक चित्रपटांत शिवाजी महाराज केले. 2024 मध्ये मुलाच्या नावावरून समाजमाध्यमांवर कुटुंबाला इतकं छळलं गेलं की यापुढे महाराजांची भूमिका करणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. भूमिका चांगली झाली होती की नाही, हा विषयच कोणी काढला नाही.

काही नट महाराजांची भूमिका असली की चपला बाहेर काढून सेटवर जातात, दशावतारात तोंडाला रंग लावण्याआधी हात जोडतात. ती त्यांची आपल्या कामाबद्दलची अदब आहे आणि मला ती आवडते. पण ती स्वखुशीची गोष्ट. शेजाऱ्याने येऊन नटाचं ताट तपासायचं कारण नाही.

मग नट जाहिरातीत वाटेल ते बोलला तरी 'ती भूमिका होती' म्हणून सुटणार?

नाही. नाटकात तो पात्राच्या नावाने बोलतो, जाहिरातीत बहुतेक वेळा स्वतःच्या चेहऱ्याच्या भांडवलावर. कायद्यालाही हा फरक कळतो: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. गुटख्याच्या चुलतभावांची जाहिरात करणाऱ्याने अभिनवगुप्ताच्या प्याल्यामागे लपू नये.

आमच्या मुलाला राक्षस दिलाय. गुणी मुलगा आहे हो, राम का नाही दिला?

विष्णुदास भाव्यांनी 1843 ला सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हापासून हा प्रश्न असणार. त्या काळच्या नाटकमंडळ्यांत राक्षसपार्टी म्हणून वेगळा गटच असे. राळेचा भपकारा उडायचा, तोंडाने 'अललल डुर्रर्र' करत राक्षस यायचे आणि पहिल्या रांगेतली पोरं आईच्या कुशीत शिरायची. देव मंडळी बहुधा उभी राहून पदं ऐकायची.

तुमच्या मुलाला राक्षस दिला कारण त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि पडताना त्याला लागत नाही. रामाला दुसऱ्या अंकात सतरा मिनिटं नुसतं उभं राहायचंय, तुमचा मुलगा दीड मिनिटही उभा राहत नाही. घरी त्याने आरडाओरडा केला तर तो भूमिकेमुळे नव्हे, सुट्टीमुळे. तालीम साडेपाचला आहे, पावणेसहाला नाही. आणि मिशी आम्ही देतो, घरून चिकटवून पाठवू नका. मागच्या वर्षी एकाची काढताना खोबरेल तेलाची अख्खी बाटली गेली.